आगगाडीत चढण्याची तालीम

आमच्या हेडमास्तरांनी पहिल्या दिवशी मला नोकरीवर रुजू करून घेतलं नाही. रुजू करून घेण्याची तालीम केली.

मी शहापूरहून निघून, दोन मोटारी बदलून आणि शेवटचा तुकडा पायी तुडवून वैशाखऱ्याच्या अलीकडच्या त्या गावी पोचलो, तेव्हा शाळेच्या पडवीत एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. धोतर, काळा कोट, काळी टोपी आणि गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. मी नेमणुकीचा कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"आज नुसतं करून पाहू," ते म्हणाले. "तुम्ही त्या चिंचेपर्यंत जा, तिथून या, नमस्कार करा, कागद द्या. काय चुकतंय ते बघू. खरं रुजू व्हायचं ते उद्या."

"पण कागदावर तारीख आजची आहे."

"तारखेचं मी बघतो. तुम्ही चिंचेपर्यंत जा."

मी गेलो. पुन्हा पुन्हा गेलो. एका खेपेला माझा नमस्कार घाईचा झाला, एका खेपेला कागद डाव्या हातात होता. गावातली पोरं कुंपणावर बसून हा प्रकार बघत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून मुळीच नव्हतं. त्यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं.

हेडमास्तरांना सगळं गाव गुरुजी म्हणायचं. गुरुजींचं तत्त्व साधं होतं. "पहिल्यांदा केलेली गोष्ट फसते," ते म्हणत. "म्हणून ती पहिल्यांदा करायचीच नाही. आधी खोटी करायची, मग खरी. म्हणजे खरी वेळ ही दुसरी होते." यावर वाद घालायला जावं, तर ते म्हणत, "तुम्ही जो प्रश्न विचारणार आहात, तो आधी मनात एकदा विचारून घ्या." मी मनात विचारून घेई, आणि मग तो मोठ्यानं विचारायचा राहूनच जाई.

या माणसानं कशाकशाची तालीम केली नाही! पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी झेंडावंदनाची साग्रसंगीत तालीम झाली, आणि साग्रसंगीत म्हणजे खाऊसकट. गूळखोबरं तालमीतच संपलं. दुसऱ्या दिवशी पोरांनी रांगेत उभं राहून हात पुढे केले, गुरुजींनी रिकामी चिमूट एकेकाच्या हातावर ठेवली आणि "जय हिंद" म्हणाले. पोरांनीही ती चिमूट तोंडात टाकली. आमची पोरं तयार होती.

तपासणीला साहेब यायचे असले, की साहेब मी. खुर्ची मला, पोहे मला, आणि हेडमास्तरांवर ओरडायचा हक्कही मला. नवा मास्तर असूनही मी तो हक्क चांगला वापरत असे. "शाळेचं आवार अस्वच्छ आहे!" मी गरजायचो. गुरुजी हात जोडून, मान खाली घालून ऐकायचे आणि मग हळूच म्हणायचे, "आवाज आणखी थोडा वर न्या. खरे साहेब याहून मोठ्यानं ओरडतात." खरे साहेब आले ते नेमके स्वभावानं गरीब निघाले. त्यांनी मुलांना काही विचारण्याआधीच मुलांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली. जाताना दुसरीतल्या एका पोरानं त्यांचा कोट ओढून सांगितलं, "कालचे सायेब चांगले होते. तुमाला वरडाया येत नाय."

एकदा धाकूला बैल घ्यायचा होता. धाकू हा आमच्या शाळेमागच्या भातशेतीचा मालक, अंगानं दांडगा आणि गुरुजींचा भक्त. म्हशाच्या जत्रेत दलाल फार फसवतात, म्हणून गुरुजींनी त्याला शाळेच्या अंगणात सौद्याची तालीम दिली. बैल पाटलाचा, गिऱ्हाईक धाकू आणि दलाल स्वतः गुरुजी. हातावर रुमाल टाकून, खाली बोटं दाबून सौदा सुरू झाला. गुरुजी दलालाच्या कामात इतके रंगले, की ते किमतीवरून तसूभर हलेनात. शेवटी धाकूनं रुमाल झटकला आणि तणतणत निघून गेला. "नाय पायजे तुमचा बैल!" पाटलाचा बैल बिचारा दोघांकडे बघत राहिला. धाकूनं त्या साली खऱ्या दलालाकडून मुकाट्यानं बैल घेतला, पण गुरुजींशी महिनाभर अबोला धरला.

मुलांवर रागवायचं असलं, की गुरुजी आधी शाळेच्या मागच्या भिंतीवर रागवून यायचे. भिंतीपलीकडे ते ऐकू यायचं, आणि खरा राग घेऊन ते वर्गात येईपर्यंत गुन्हेगार ओढ्यापलीकडे पोचलेला असायचा. तुम्ही हसाल, मीही हसायचो. पण दुसऱ्या दिवशी ते पोर शाळेत परत आलं, की गुरुजींना त्याच्यावर पुन्हा तालीम केल्याशिवाय ओरडता येत नसे, आणि पुन्हा तालीम करायला ते विसरत. माझ्या आयुष्यात मी पाहिलेली ती एकमेव शाळा, जिथं मार जवळजवळ बसत नसे.

मला राहायला गुरुजींच्या घराची ओटी मिळाली होती आणि जेवायलाही त्यांच्याच घरी होतं. गुरुजींच्या बायकोला मी काकू म्हणायचो, गाव मास्तरीणबाई म्हणायचं. काकू बुटक्या, चटपटीत, आणि त्यांचं हसणं विहिरीपर्यंत ऐकू जायचं. गुरुजींच्या एकाही तालमीला त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. "भाताची तालीम केली असती, तर तुम्ही दोघं रोज उपाशी झोपला असता," असं म्हणून त्या पानावर भात वाढत.

एकदा जेवताना मी माझ्या शहापूरच्या बढाया मारत होतो. मुरबाड तालुक्यात आगगाडी नव्हती, आणि आमच्या शहापूरला आसनगावचं स्टेशन होतं, या एका गोष्टीवर मी तिथं बराच भाव खाऊन होतो. मी गाडीचं नाव काढलं आणि गुरुजी अर्ध्या जेवणावरून उठून हात धुवायला गेले. मी गोंधळून काकूंकडे पाहिलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं," काकू म्हणाल्या आणि हसत हसत सांगू लागल्या. "लग्नाला महिनाही झाला नव्हता. माहेरून इकडे येताना कल्याणला गाडी बदलायची होती. हे ट्रंक घेऊन आधी चढले. म्हणाले, जागा धरतो, मग तुला वर घेतो. जागा धरली आणि गाडी सुटली."

"मग गुरुजींनी उडी नाही मारली?"

"दारात आले होते. गाडी अजून हळूच होती. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ट्रंकेकडे. माझ्या वडिलांनी दिलेली भांडी होती ना तिच्यात! मग ट्रंकेबरोबर गेले." काकूंनी पदरानं डोळे पुसले, पण ते हसण्यानं आलेलं पाणी असावं असं मी तेव्हा धरून चाललो. "मी संध्याकाळपर्यंत फलाटावर. हातात हिरवा चुडा आणि जवळ तिकीटसुद्धा नाही. मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका होत्या. एक म्हणते, 'टाकली का गो तुला?' दुसरी म्हणते, 'टाकली नाय गो, इसारला असंल.' त्यांनीच मला भाकरी दिली. संध्याकाळच्या गाडीनं हे परत आले. ट्रंक घेऊन."

त्या दिवसापासून काकू गाडीत बसल्या नव्हत्या. त्यांना एक हौस मात्र होती. नाशिकला जाऊन गंगा बघावी, गोदावरीत एक बुडी मारावी. पण नाशिकला गाडीशिवाय जायचं कसं, आणि गाडीत ह्यांच्याबरोबर बसायचं कुणी? काकू असं म्हणाल्या, की गुरुजी ओटीवरून खाकरायचे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजी माझ्याबरोबर चिंचेपर्यंत चालत आले. म्हणाले, "तिनं सांगितलं ना तुम्हाला?"

"हो."

"मला तिला गंगेवर न्यायचंय. माझ्याबरोबर ती गाडीत बसायची नाही, पण सगळं गाव निघालं तर गावाबरोबर बसेल. गंगेच्या पायरीवर मला तिच्या शेजारी उभं राहायचंय, बस्स. आणि मास्तर, या खेपेला ती फलाटावर राहता कामा नये."

एरवी हा माणूस बोलायचा तेव्हा मी मनातल्या मनात हसत असे. त्या संध्याकाळी मला हसू आलं नाही. मला ते फार आवडले, आणि त्यांच्यासाठी काय वाटेल ते करावं असं वाटलं.

म्हशाची जत्रा उलटली, की आमच्याकडे भात झोडून घरात आलेलं असतं आणि माणसांच्या अंगात जरा सैलपणा येतो. तो मुहूर्त साधून गुरुजींनी गावाला नाशिकला नेण्याचं जाहीर केलं. सकाळच्या गाडीनं जायचं, गंगेत आंघोळ करायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. काकूंनी बरेच आढेवेढे घेतले. पण सगळ्या आळीच्या बायका निघाल्या तेव्हा त्यांनीही लुगडं झटकून बाहेर काढलं.

गावातल्या बहुतेकांनी आगगाडी लांबूनही पाहिलेली नव्हती. आसनगावला ती क्षणभर थांबते, तेवढ्यात आख्खं गाव चढलं पाहिजे. गुरुजींनी शाळेच्या अंगणात बांबूंचा डबा उभा केला. दोन बांबूंच्या मध्ये दार, दाराखाली दगडाची पायरी, आत बसायला घराघरांतून आणलेल्या फळ्या. चौथीची मुलं इंजिन झाली आणि शेवटपर्यंत कुणाचं ऐकेनाशी झाली. गुरुजींनी नियम ठरवला: शिट्टी वाजली की चढायचं, आपापल्या जागी बसायचं, फळी दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि मग आकाश कोसळलं तरी हलायचं नाही.

मी शहापूरचा, म्हणून मुंबईच्या उतारूंचं काम माझ्याकडे आलं. मी दारातून आत घुसायचो, कोपरं मारायचो आणि ओरडायचो, "ए उठो! ये जगा हमारा है! चलो, चलो, आगे सरको!" आणि गावानं माझ्याकडे ढुंकूनही न बघता फळी आणखी घट्ट धरायची. पहिल्या दिवशी माणसं बिचकून उठली. आठवडा गेला, आणि मी गळा फाडून ओरडलो तरी डब्यातली एक म्हातारीसुद्धा जागची हलेना. धाकू तर शिट्टी ऐकताच असा काही बसायचा, की फळीचे दोन तुकडे झाले. गुरुजींच्या डोळ्यांत समाधान मावत नव्हतं. काकू दारात तांदूळ निवडत हे बघायच्या आणि हसून हसून त्यांच्या सुपातले खडे तांदळात परत मिसळायचे.

जायच्या दिवशी पहाटे जंगलाच्या ठेकेदाराच्या लॉरीतून आम्ही आसनगावला आलो. गाडी आली. गुरुजींनी आधी काकूंचा हात धरून त्यांना वर चढवलं. सगळ्या गावादेखत हात धरला म्हणून काकू पुटपुटत आत गेल्या. मग शिट्टी वाजली. आणि काय सांगू, गार्डानं निशाण काढायच्या आत आख्खं गाव गठुडी-गाठोड्यांसकट डब्यात बसलेलं होतं, फळ्या धरून, तोंडं मिटून. आसनगावचे स्टेशनमास्तर खोलीतून बाहेर येऊन बघत राहिले. असं काम त्यांच्या स्टेशनावर पूर्वी झालं नसावं.

काकू खिडकीशी बसल्या. गुरुजी बसलेच नाहीत. काकूंच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहिले.

कसाऱ्याला मागून इंजिन लागलं आणि गाडीला धक्का बसला. धाकू घाबरला.

"गुरुजी, मागून कोन ढकलतो?"

"घाट चढायला मागून एक इंजिन लावतात."

"मंग फुडला इंजिन काय बसून खातो?"

घाटात बोगदे लागले. पहिल्या बोगद्यात अंधार झाला तसा गुरुजींचा आवाज आला, "आहेस ना गं?" "आहे!" काकू म्हणाल्या. दुसऱ्या बोगद्यात पुन्हा, "आहेस ना?" "आहे हो, जाते कुठं!" तिसऱ्या बोगद्यापासून सगळा डबाच उत्तर देऊ लागला. अंधार झाला, गुरुजींनी विचारलं, की सगळं गाव एकसुरात ओरडायचं, "हाय, हाय!" इगतपुरीपर्यंत मास्तरीणबाई असल्याची ग्वाही आम्ही सगळ्यांनी मिळून दिली. काकू पदरात तोंड खुपसून हसत होत्या.

नाशिकरोड आलं.

गुरुजींनी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. आधी काकू उतरणार, मग गाव, शेवटी ते स्वतः. म्हणजे काकूंना सोडून गाडी जाण्याचा प्रश्नच उरत नव्हता. त्यांनी काकूंना दारातून नीट खाली उतरवलं. काकूंच्या एका हातात कपड्यांचं बोचकं, दुसऱ्या हातात गंगा आणायला घेतलेला तांब्या. एवढं होतंय तोच फलाटावरची गर्दी पेरूच्या पाट्या घेऊन आत घुसली. गुरुजी वळले, शिट्टी तोंडाला लावली आणि गाव उतरावं म्हणून जोरात फुंकली.

गाव गप्पकन खाली बसलं. जे उठून उभे राहिले होते तेही बसले. सगळ्यांनी दोन्ही हातांनी फळ्या धरल्या.

उतरण्याची तालीम आम्ही केलीच नव्हती. शिट्टीचा अर्थ त्या माणसांना एवढाच ठाऊक होता. गुरुजींनी आणखी जोरानं फुंकली, गावानं आणखी घट्ट धरलं. "अरे उतरा!" गुरुजी ओरडले, पण शिट्टी दातांत असल्यामुळे नुसताच कर्कश आवाज निघाला. मी पुढे झालो. "उठा! चला, चला, पुढं सरका!" मी गळा फाडून ओरडलो. माझा हा आवाज आणि हे शब्द गावाच्या चांगलेच ओळखीचे होते. कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी धाकूच्या काखेत हात घालून त्याला ओढलं, तर तो डोळे मिचकावून म्हणाला, "ओढा तुमी कवराबी. आमी नाय हलनार."

गाडी हलली.

गुरुजी दाराकडे झेपावले. मध्ये पाट्या, बोचकी, एक लोखंडी पलंगाची चौकट आणि तिचा चिडलेला मालक. खिडकीतून काकू दिसल्या. फलाटावर उभ्या, बोचकं काखेत, तांब्या हातात. त्या काहीतरी म्हणाल्या, पण ऐकू आलं नाही. मग त्या दिसेनाशा झाल्या.

गुरुजी पहिल्यांदाच खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "पुन्हा तेच केलं मी," ते म्हणाले. आता गावाच्याही ध्यानात काय झालं ते आलं. धाकूनं फळी सोडली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

पुढच्या स्टेशनावर मी गुरुजींच्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या खिशात घातली आणि साध्या आवाजात म्हणालो, "उतरायचं बरं का." सगळे शहाण्यासारखे उतरले.

परतीची गाडी लवकर नव्हती. आम्ही रस्त्यानं चालत निघालो. म्हाताऱ्यांना उसाच्या बैलगाड्यांवर जागा मिळाली. गुरुजींनाही एका गाडीवाल्यानं बसवून घेतलं, पण बैल फार हळू चालतात म्हणून ते खाली उतरले आणि कोट खांद्यावर टाकून पुढे पुढे चालत सुटले. उन्हात त्यांची सावलीसुद्धा त्यांना गाठू शकत नव्हती. मागे गावाला वाटेत पाण्यानं भरलेला एक पाट लागला. धाकूनं शेतकऱ्याला विचारलं, "पानी कुठला?" "गंगेचंच, दुसरं कुठलं?" तो म्हणाला. झालं! अर्ध्या गावानं तिथंच बुड्या मारल्या, पाटाला फुलं वाहिली आणि काठावर बसून भाकरी सोडल्या. माझ्याच्यानं काही तिथं थांबवेना. मी गुरुजींच्या मागे धावलो.

वाटेत ते एकदाच बोलले. "तिच्याजवळ परतीचं तिकीट आहे का हो?"

"आहे. तुम्हीच सकाळी पदराला बांधून दिलंत."

"तेव्हा नव्हतं," ते म्हणाले आणि पुन्हा चालू लागले.

नाशिकरोडच्या फलाटावर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. काकू बाकावर बसलेल्या होत्या. केस ओले, कपाळाला ठसठशीत कुंकू, बाजूला दगडावर वाळत घातलेलं लुगडं, मांडीवर चिवड्याचा पुडा. शेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

गुरुजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "घाबरली असशील."

"घाबरायचं काय त्यात? आता काय पहिली वेळ होती?"

मागून येऊन पोचलेलं गाव खो खो हसलं. मीही हसलो. गुरुजी हसले नाहीत.

काकूंनी सगळी हकिकत सांगितली. गाडी गेल्यावर त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग येवल्याकडच्या बायकांच्या टांग्यात बसून थेट पंचवटीला गेल्या. रामकुंडावर बुड्या मारल्या, देवळात दर्शन घेतलं, घाटावर बसून भाकरी खाल्ली.

"केवढी हाय गंगा, बाई?" एका म्हातारीनं विचारलं.

"खरं सांगू? आपल्या काळू नदीएवढीच आहे. पण घाट बांधलेत, म्हणून भारदस्त दिसते." मग त्यांनी तांब्यातलं एकेक पळी पाणी प्रत्येकाच्या ओंजळीत घातलं. गुरुजींची ओंजळ आली. त्यांनी पाणी प्यायलं, ओला हात डोळ्यांना लावला आणि विचारलं, "एकटीनंच पाहिलीस?"

"मग कुणाबरोबर बघणार?" काकू म्हणाल्या. सहज म्हणाल्या, टोचायचं म्हणून नाही. पण गुरुजींनी मान फिरवली आणि रुळांकडे बघत बसले.

गंगेवर जाऊन यायला आता वेळ उरला नव्हता. परतीची गाडी आली. शिट्टी माझ्या खिशात होती, ती मी काढली नाही. गाव वाटेल तसं चढलं, ढकलाढकली केली, दोघं-तिघं खिडकीतून आत पडले, आणि कसं कोण जाणे, सगळे आत आले. गुरुजी काकूंना वर घ्यायला दारात उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला, काकूंनी तो धरला, आणि तेवढ्यात काकूंना आठवलं की तांब्या बाकावरच राहिला.

"आलेच," म्हणून त्या मागे वळल्या.

गार्डाची शिट्टी झाली. गाडी निघाली. काकू तांब्या दोन्ही हातांत धरून येत होत्या, पण एकेक पाऊल जपून.

"अगं पळ!" गुरुजी ओरडले.

"पळू कशी? गंगा सांडेल!"

गुरुजी दारात होते. गाडी अजून हळूच होती. मी त्यांच्या मागे उभा होतो, त्यामुळे मला ते नीट दिसलं. त्यांनी एकदा आत पाहिलं. खुंटीला त्यांचा कोट होता, फळीवर पिशवी होती, आणि आख्खं गाव त्यांच्याकडे बघत होतं. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. आणि ते उतरले.

उतरले म्हणजे पडलेच. पाय अडकला, धोतर फाटलं, टोपी फलाटावरून गडगडत गेली आणि गुरुजी गुडघ्यांवर आपटले. डब्यात एकच ओरडा झाला. मीही ओरडलो, पण खरं सांगतो, आनंदानं ओरडलो. काकूंनी आधी तांब्या सावकाश खाली टेकला आणि मग नवऱ्याला हाताला धरून उभं केलं. वळणावर गाडी वळेपर्यंत मला दोघं दिसत होते. काकू त्यांच्या धोतरावरची धूळ झटकत होत्या आणि ते काहीतरी सांगत होते.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी एकट्यानं शाळा चालवली. गाव पुन्हा पुन्हा विचारून जात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मोटारीच्या रस्त्याकडून दोघं येताना दिसले. काकू पुढे, हात मोकळे, बोलत बोलत. गुरुजी मागे, बोडक्या डोक्यानं, तांब्या छातीशी धरून.

मुलं सोडून मी तसाच धावत गेलो. "गुरुजी, पाहिली का गंगा? कशी आहे?"

गुरुजी थांबले. छातीशी धरलेला तांब्या नीट सावरला.

"नदीकडे माझं फारसं लक्ष नव्हतं," ते म्हणाले. "मी हिच्या शेजारी उभा होतो."